उघड्यावरची शाळा, वॉल्डॉर्फ आणि घोडे: आधी काय, मग काय

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुळशीच्या बाजूला अडीच एकर जागा आहे, पाच-सहा घरं एकत्र आली आहेत, ४ ते १० वयाची १८ मुलं आहेत. वॉल्डॉर्फ पद्धतीची (ठरलेली लय, हातकाम आणि गोष्टी यांवर उभी असलेली), बहुतेक वेळ उघड्यावर भरणारी शाळा काढायची आहे आणि सोबत दोन घोडे ठेवायचे आहेत. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेतून घोडे आणावेत का, मुलांना कितव्या वर्षी बसवावं, आणि पावसाळ्यात काय करावं?

पहिल्या वर्षी घोडे घेऊ नका. उत्साहावर पाणी टाकायचं म्हणून सांगत नाही. उघड्यावरच्या शाळेत पहिल्या वर्षी मोठ्यांचीच घडी बसलेली नसते: कोण किती वाजता येतं, पाणी कोण भरतं, पाऊस आला की कुठे जायचं. आणि घोडा हा घडी नसलेल्या माणसांना सगळ्यात आधी ओळखणारा प्राणी. चाऱ्याची वेळ रोज इकडेतिकडे झाली की पोटशूळाची भीती, माणसं रोज बदलली की चावरेपणा, आणि मग 'घोडा वाईट निघाला' हे ठरलेलं वाक्य.

आधी एक गुंता सोडवू. 'वॉल्डॉर्फ' आणि 'उघड्यावरची शाळा' या दोन वेगळ्या वाटा आहेत. पहिली वॉल्डॉर्फ शाळा १९१९ साली श्टुटगार्टमध्ये, वॉल्डॉर्फ-अस्टोरिया सिगारेट कारखान्याच्या कामगारांच्या मुलांसाठी निघाली. मालक एमिल मोल्ट, शिक्षणाची मांडणी रुडॉल्फ श्टायनर यांची. ती भिंतींच्या आतलीच शाळा होती. जंगलातली बालवाडी ही वाट डेन्मार्कमधून, १९५०च्या दशकातून आली आणि पुढे जर्मनीत रुजली. वॉल्डॉर्फला ठरलेली लय हवी असते: तोच क्रम, तेच गाणं, तीच गोष्ट दहा-बारा दिवस. जंगल-बालवाडी मुलाच्या मर्जीवर चालते. ओढ्यात बेडूक सापडला की सकाळ बेडकाची. दोन्ही एकत्र आणताना शिक्षक इथेच अडकतात. एक ताई मुलांना वर्तुळात बोलावत असते, दुसरी म्हणते खेळू दे त्यांना, आणि मुलं दोघींकडे बघत राहतात.

घोड्याचा शिक्षणाला खरा उपयोग इथे होतो. चारा, पाणी, लीद, खरारा ही कामं ठरलेल्या वेळी व्हावीच लागतात, आणि ती वेळ शिक्षकाच्या हट्टाने ठरलेली नसते. मुलं ती लय बिनतक्रार मानतात. म्हणून घोडा हा वेळापत्रकातला एक तास न धरता वेळापत्रकाचा कणा धरा. 'आठवड्यातून दोनदा घोडेस्वारी' एवढंच करायचं असेल तर तो छंदवर्ग झाला. त्यासाठी घोडा पाळायचं कारण नाही.

आपल्याकडे याचं उदाहरण जुनंच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे १९५७पासून डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत म्हटल्यावर शाळाच कुरणात गेली, ती कुरणशाळा. जनावर आधी, शाळा मागून. तुम्ही उलट करताय, शाळेसाठी जनावर आणताय. त्यामुळे जनावराचं पोट, खूर आणि म्हातारपण हे सगळं तुमच्या डोक्यावर येतं.

दिवस साधारण असा बसवा. ७.४५ला मुलं येतात. ८ ते ८.४० जनावरांचं काम. पहिल्या वर्षी घोडा नसताना हेच चाळीस मिनिटं कोंबड्या, एखादी गाय किंवा नुसती भाजीची वाफी आणि कंपोस्ट. मग हातपाय धुऊन वर्तुळ, गाणं, श्लोक. वीस मिनिटं पुरे. ९ ते १०.१५ मोठ्यांचा मुख्य पाठ. वॉल्डॉर्फमध्ये तो साधारण दोन तासांचा आणि एकच विषय तीन-चार आठवडे चालणारा असतो, पण उघड्यावर सव्वा तासाच्या पुढे लक्ष टिकत नाही. वारा, ऊन, आवाज यांचा शीण असतो. धाकट्यांना (४ ते ६) मुख्य पाठ नाहीच. त्यांना तास-सव्वा तास मोकळा खेळ. १०.१५ला गरम खाणं, मग हातकाम किंवा भटकंती, शेवटी गोष्ट, ११.४५ला घरी. मार्च ते मे सगळं अर्धा तास आधी. यात खोगीरभरती करू नका. योग, इंग्रजी संभाषण, रोबोटिक्स असं एकेक पालकांच्या आग्रहाने घुसतं आणि डिसेंबरपर्यंत दिवसाचा श्वास कोंडतो.

माणसं किती लागतील? सहा वर्षांखालच्या सहा मुलांमागे एक, मोठ्या आठ मुलांमागे एक, आणि घोडा सांभाळणारा माणूस या हिशेबात धरायचा नाही. घोड्याची दोर हातात असलेल्या माणसाकडे एकही मूल सोपवू नये. 'तू जरा यांच्याकडे बघ' इथूनच बहुतेक अपघात सुरू होतात.

वयानुसार काम वाटताना पालकांचा रोष पत्करावा लागतो. ४ ते ६ वर्षांच्या मुलांनी घोड्याच्या अंगाला हात लावायची गरज नाही. वॉल्डॉर्फची बालवाडीची मांडणी अनुकरणावर उभी आहे: मोठा माणूस मन लावून खरं काम करतोय, मूल बघतंय, मग शेजारी तेच खेळतंय. कोणी शांतपणे लीद भरत असेल तर कुंपणाबाहेर लहान फावडं आणि टोपली ठेवा, बास. 'बघा मुलांनो, आपण आता काय करतोय' असं समालोचन नको, त्याने काम नाटक होतं.

७ ते ८ वर्षांचं मूल खरारा करू शकतं. पद्धत अशी. मोठा माणूस मोहरकीची (घोड्याच्या तोंडाभोवतीच्या पट्ट्याची) दोर धरून घोड्याच्या डाव्या बाजूला उभा; दोर हाताला गुंडाळायची नाही, घड्या घालून मुठीत धरायची. घोड्याचे डोळे बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. फक्त कपाळासमोरचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. म्हणून मूल तिरकं, डाव्या खांद्याकडे, बोलत येतं. आधी खांद्यावर तळहात, मग खरारा. मानेपासून मागे, गोल गोल, फक्त मांसल भागावर. गुडघ्याखाली आणि तोंडावर मऊ ब्रश किंवा कापड. मूल उभं असतं, बसत किंवा गुडघे टेकत कधीच नाही, कारण उठून पळायला वेळ मिळत नाही. एका वेळी एक मूल कामाला, एक बघायला, दोघं घोड्याच्या एकाच बाजूला. दहा-बारा मिनिटांत थांबा. कान मागे चपटे झाले, शेपूट झटकली, मागचा पाय उचलला की तिथेच काम संपलं. मुलांना घोड्याची ही भाषा शिकवण्यात एक आख्खा महिना गेला तरी चालेल. पिछाडीला दोन घोड्यांच्या लांबीइतकं अंतर, आणि हाताने काहीही भरवायचं नाही. गाजर द्यायचं तर घमेल्यात. हाताने भरवलेला घोडा महिन्याभरात खिसे आणि बोटं हुंगायला लागतो.

नऊ वर्षांपुढे खरी मजा आहे. वॉल्डॉर्फच्या तिसरीत शेती आणि घरबांधणी, चौथीत 'माणूस आणि प्राणी' हा विषय असतो, आणि घोडा दोन्हीत चपखल बसतो. तिसरीचं गणित शिंप्याच्या टेपवर होतं: कोपराच्या मागून छातीचा घेर, आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०, आलं किलोमध्ये वजन. घेर १५२ आणि लांबी १३० असेल तर सुमारे २५३ किलो. त्याच्या २ टक्के म्हणजे रोजचा कोरडा चारा पाचेक किलो. कडब्यात थोडी ओल असते, म्हणून साडेपाच. दोन घोड्यांना ११ किलो, नोव्हेंबर ते जून २४० दिवस, वाया जाणारं धरून ३ टन. मुलं हे स्वतः काढतात आणि मग गवताची गंजी बघताना त्यांचे चेहरे वेगळे असतात.

चौथीत एक गोष्ट नक्की करा. मुलांना तळहात टेबलावर ठेवायला सांगा. मग मनगट वर उचलत फक्त बोटांवर, मग फक्त मधल्या बोटाच्या टोकावर. घोडा असा उभा असतो. खूर म्हणजे मधल्या बोटाचं नख. पुढच्या पायाचा ज्याला आपण गुडघा म्हणतो ते मनगट. मागच्या पायाचा मागे वळलेला सांधा म्हणजे टाच. एका बोटावर उभं राहून तो धावण्यात पटाईत झाला, पण त्या पायाने त्याला दुसरं काही करता येत नाही. आपला हात कशातच एवढा तयार नाही, म्हणून सगळं करू शकतो. चौथीच्या या विषयाचा गाभा हाच आहे. हे झाल्यावर मुलांना खऱ्या पायाजवळ न्या.

वॉल्डॉर्फच्या काही गोष्टी जशाच्या तशा उचलू नका. तिथे अक्षरं चित्रांतून काढतात. रोमन लिपीत सापाचा 'एस' सहज होतो. देवनागरीत ते दोन-चार अक्षरांनंतर ओढूनताणून होतं. आपल्या पाटीवरचा 'ग म भ न' हा क्रम आकारांवरच बेतलेला आहे. त्याआधी दोन-तीन महिने रेषा, गाठी, वळणं यांचं रेखन घेतलं की तेवढं पुरतं. सणांचंही तसंच. सप्टेंबरअखेरचा मायकेलमास हा ख्रिस्ती सण आपल्याकडे उसना वाटतो, पण त्याच सुमारास घटस्थापनेचं धान उगवतं आणि दसऱ्याला घोड्याला झेंडूची माळ पडते. मुलांना ऋतू कळायला आणखी काय हवं? ओलसर कागदावरची रंगचित्रं जुलैत काढू नका, दोन दिवस वाळत नाहीत आणि कागदाला बुरशी येते. ती नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. पावसाळ्यात माती. वाचन सातव्या वर्षानंतर सुरू होतं, हे पालकांकडून लेखी मान्य करून घ्या. दुसरीत मूल नेहमीच्या शाळेत न्यायचं ठरलं तर ते वाचनात मागे असणार. आणि श्टायनर यांचे अध्यात्माचे, वंशाविषयीचे विचार हे वेगळं प्रकरण आहे. त्यावर रास्त टीका झाली आहे. लय, हातकाम आणि गोष्टी घ्यायला त्या विचारांवर विश्वास असावा लागत नाही.

आता पाऊस. तुमच्या योजनेत मला सगळ्यात कच्चा दुवा इथे दिसतो. शिरूर-दौंडच्या बाजूला वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. ताम्हिणीकडे, म्हणजे तुमच्या मुळशीच्या बाजूला, काही हजार. भीमथडी जातीची तट्टं त्या कोरड्या देशावरची. धनगर दिवाळीच्या सुमारास मेंढरं आणि घोडी घेऊन कोकणात उतरतात आणि पावसाच्या तोंडावर देशावर परततात. चिखलात मेंढरू टिकत नाही आणि घोड्याचा खूरही. सतत ओलाव्यात खुराच्या मधल्या मऊ भागात काळा, कुबट वासाचा कुजका थर धरतो, पाठीवर खपल्या येतात, घोडा लंगडतो. म्हणून एकतर जून ते सप्टेंबर घोडे देशावरच्या एखाद्या शेतकऱ्याकडे ठेवा. ही 'घोड्यांची सुट्टी' मुलांना समजते आणि दसऱ्याला त्यांचं परत येणं हा मोठा सण होतो. नाहीतर उभं राहायला कोरडी जागा बांधा: खाली दगड, वर २० ते २५ सेंटिमीटर मुरूम दाबून, पन्नास फुटांना एक फूट उतार, वर पत्रा, आणि प्रत्येक घोड्याला किमान १२ बाय १२ फूट. मला पहिला मार्ग बरा वाटतो.

मुलं मात्र पावसात बाहेर राहू शकतात. गमबूट, रेनकोटाची पँट, कोरड्या कपड्यांचा एक जोड, आणि तीन बाजूंनी बंद असलेला एक पक्का आडोसा. थांबायचं ते विजेला. वीज दिसल्यापासून गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला की सगळे पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच. उघडी पत्र्याची शेड यात धरायची नाही. मे-जून आणि ऑक्टोबरच्या दुपारी जास्त धोक्याच्या, हेही दिवस पावणेबाराला संपवायचं एक कारण. पावसाळ्यात पायाला जखम असेल तर चिखलात जायचं नाही, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती असते.

जागा एकदा वनस्पती ओळखणाऱ्या माणसासोबत पायी फिरून घ्या. खाजकुइली, भिलावा, गाजरगवत अंगाला त्रास देतात. मोगली एरंडाच्या बिया मुलं शेंगदाण्यासारख्या खातात आणि उलट्यांनी बेजार होतात. कण्हेर, बिट्टी आणि गुंजेच्या बिया त्याहून वाईट. कण्हेर आणि घाणेरी घोड्यालाही घातक. कड्यावर किंवा उंच झाडावर आग्या मोहोळ असेल तर खाली शेकोटी नको. घोणस, नाग, मण्यार, फुरसं या चौघांवर चालणारी लस जवळच्या ग्रामीण रुग्णालयात आहे का, हे शाळा सुरू व्हायच्या आधी स्वतः जाऊन विचारा. चावलं तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही. अवयव हलू न देता १०८ किंवा स्वतःची गाडी. (ही प्रतिसर्पविष लस घोड्यांच्याच रक्तातून तयार होते. मोठ्या मुलांना हे जरूर सांगा.)

घोड्यांच्या लीदीत आणि मातीत धनुर्वाताचे जंतू असतातच. मुलाच्या वयाप्रमाणे धनुर्वाताच्या लशी (वय झालं असेल तर पाच आणि दहा वर्षांच्याही) झाल्याचं कार्ड पाहिल्याशिवाय प्रवेश नको. वॉल्डॉर्फच्या वर्तुळांत लशींना नाकं मुरडणारे पालक भेटतात. इथे त्यांच्याशी वाद घालू नका, नियम दाखवा. घोड्यांनाही दरवर्षी धनुर्वाताची लस लागते.

दुसऱ्या वर्षी घोडे घ्यायचे ठरले तर कोणते? सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत डोळे दिपतात, पण तिथे भाव मिळतो तो उंच, तरण्या, नाचऱ्या घोड्याला. तुम्हाला हवा त्याच्या उलट: १० ते १५ वर्षांचा, खच्ची केलेला किंवा शांत घोडी, उंची १२ ते १३ हात (एक हात म्हणजे ४ इंच), रहदारी आणि पोरांचा गोंगाट पाहिलेला. शर्यतीतून निवृत्त झालेला घोडा स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका. एकटा घोडाही नको. कळपाचा प्राणी आहे, एकटा पडला की कुंपणाशी येरझाऱ्या घालतो. महिनाभर वापरून बघायची अट ठेवा. पहिल्या दिवशी विकणारा जरा दाणा-गोळी देऊन शांत दाखवू शकतो, महिनाभर नाही. पुण्यात रेसकोर्समुळे घोड्यांचे जाणते डॉक्टर आणि नालबंद मिळतात, त्यांच्याकडून दात, पाय, डोळे तपासून घ्या. ग्लँडर्स आणि सरा या दोन रोगांची रक्ततपासणी झाल्याशिवाय घोडा आवारात आणायचा नाही. ग्लँडर्स माणसाला होतो, कायद्याने कळवणं बंधनकारक आहे आणि झालेला घोडा मारावाच लागतो. मुलांना लळा लागल्यावर ही वेळ येऊ देऊ नका.

खाणं बिघडतं ते दयेपोटी. प्रत्येक पालक हरभरा, गूळ, बिस्किटं आणतो. हलकं काम करणाऱ्या तट्टाला चंदी, म्हणजे दाणा, जवळजवळ लागतच नाही. कडब्याची कुट्टी, वाळलं गवत, किलोभर लसूणघास, २५ ग्रॅम मीठ आणि २० ते ३० लिटर पाणी. जास्त दाणा किंवा पहिल्या पावसानंतरचं लुसलुशीत गवत पोटभर खाल्लं की खुरांच्या आत सूज येते, घोडा पुढच्या पायांवर भार देत नाही आणि कधीकधी कायमचा अधू होतो. कोवळी किंवा पाण्याअभावी सुकलेली हिरवी ज्वारी विषारी असते. भाताचा पेंढा मुळशीत स्वस्त आहे, पण एकट्यावर ठेवू नका. तोबरा (तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी) आणि बादली प्रत्येक घोड्याची वेगळी. नालबंद दर सहा ते आठ आठवड्यांनी, नाल नसली तरी. लीद रोज एका घोड्याची दहा किलोच्या आसपास. दोन मीटर लांब, एक रुंद, एक खोल असे तीन खड्डे आळीपाळीने भरले की भाजीच्या वाफ्यांची सोय होते.

बसवणं सगळ्यात शेवटी. सात-आठ वर्षांपासून, दोर धरलेल्या घोड्यावर, चालत. बसणारा अधिक सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या १५ टक्क्यांच्या आत. २५३ किलोच्या तट्टाला ३८ किलो. खोगिराऐवजी जाड घोंगडी आणि पट्टा, रिकीब नाही, म्हणजे पाय अडकून फरफटायची शक्यता राहत नाही. डोक्यावर घोडेस्वारीचंच हेल्मेट. सायकलचं चालत नाही, ते मागून आणि बाजूने कमी झाकतं. पुढे एक माणूस, दोन्ही बाजूंना दोन. आठवड्यातून एक दिवस, प्रत्येक घोड्यावर तीन मुलं, एकेक करून, दहा-दहा मिनिटं. सात वर्षांपुढची १२ मुलं असतील तर पाळी पंधरवड्याने येते, आणि तेवढं पुरतं. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी उपचार म्हणून घोडा वापरायचा असेल तर त्याचं प्रशिक्षण वेगळं आहे. या मांडणीत ते मिसळू नका.

कागदोपत्री: सहा वर्षांपुढच्या मुलांची शाळा शिक्षण हक्क कायद्याखाली मान्यतेशिवाय चालवता येत नाही. त्यामुळे सुरुवात फक्त सहाच्या आतल्यांची करा आणि मोठी मुलं सकाळच्या किंवा शनिवार-रविवारच्या वर्गांना येऊ द्या, किंवा आधी मान्यतेचं बघा. मुक्त शाळेतून (एनआयओएस) दहावीला बसायला चौदा वर्षं पूर्ण लागतात. शेतजमिनीवर पक्कं बांधकाम करण्याआधी तलाठी आणि वकील दोघांनाही विचारा.

आणि एक कागद घोडा घेण्याआधीच लिहून ठेवा. बारा वर्षांचं तट्टू नीट सांभाळलं तर आणखी बारा-पंधरा वर्षं जगतं. आज चार वर्षांचं असलेलं मूल तेव्हा कॉलेजात असेल, पाच-सहा घरांपैकी दोन पुण्याबाहेर गेली असतील, शाळा असेल किंवा नसेल. त्या दिवशी घोडा कोणाच्या दारात उभा राहणार आणि चाऱ्याचे पैसे कोण देणार, हे घराच्या नावानिशी लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. सह्या करायला कोणी तयार नसेल तर कोंबड्या आणि वाफ्यांवरच शाळा चालू ठेवा, मुलांचं काही बिघडत नाही.